लॅम्प रूमचा लुसिफर

"सुखदेवभाऊ, तुमच्या या पंथात माणसं किती?" मी एकदा विचारलं.

"चंद्रपूर जिल्ह्यात एक," दिव्याची काच पुसता पुसता ते म्हणाले. "आन् तो बी फर्स्ट शिफ्टले."

ज्या माणसाबद्दल मी सांगणार आहे तो लुसिफरला मानणारा होता. दचकू नका. म्हणजे दचका, पण बसून राहा. मीही दचकलो होतो, आणि माझी तर खुर्चीच त्यांच्या खोलीला लागून होती. मधे फक्त प्लायवूडची एक भिंत.

भद्रावतीजवळच्या एका कोळसा खाणीत मी हजेरीबाबू होतो आणि शेजारच्या लॅम्प रूममध्ये सुखदेव गुरनुले दिवे सांभाळत. ज्यांनी भूमिगत खाण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीवर एक दिवा असतो. लॅम्प रूमच्या खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि आपल्या नंबरचा दिवा सुखदेवभाऊंच्या हातून घ्यायचा. वर आलं की दिवा स्वतः चार्जिंगच्या रॅकवर लावायचा आणि बिल्ला परत न्यायचा. शिफ्ट सुटल्यावर भिंतीवरच्या खिळ्याला एखादा बिल्ला लटकत राहिला, तर एक माणूस अजून खाली आहे. तो बिल्ला उतरेपर्यंत सुखदेवभाऊ जेवत नसत. डबा उघडायचा, वांग्याच्या भाजीचा वास घ्यायचा, आणि खिळ्याकडे बघत बसायचं.

मूळचे ते मूल गावाकडचे. घरी धानाची शेती, ती धाकटा भाऊ बघायचा. जाड भिंगाचा चष्मा, मे महिन्यातही अंगात खाकी अर्धं स्वेटर, आणि दिव्यांशी बोलायची सवय. "एकशे सात, आज तुही तब्येत बरी नाई दिसत." "बावन्न, तू मस्त हायेस, पण तुया मालक घामट हाये." भिंतीपलीकडून मला वाटे आत दवाखाना चालू आहे.

आता हे लुसिफर प्रकरण. त्याचं खापर, किंवा श्रेय, आमच्या थॉमससाहेबांचं. थॉमससाहेब केरळचे, खाणीत ओव्हरमन, म्हणजे खालच्या कामावर देखरेख करणारे. दर नाताळला सगळ्यांना केक वाटत. एका नाताळला सुखदेवभाऊंनी केकचा तुकडा हातात घेतला आणि तोंडात टाकायच्या आधी विचारलं, "साहेब, बागेतलं फळ खाल्ल्यानं अक्कल येते, मग देवाले राग काऊन आला? अक्कल नसलेली माणसं सांभाळणं कठीण असते, मले इचारा."

थॉमससाहेबांनी समजावलं. भाऊंनी पुढचा प्रश्न टाकला. साहेबांनी पुन्हा समजावलं. भाऊंनी त्याच्याही पुढचा टाकला. केक संपला, प्रश्न संपेनात. शेवटी त्या सज्जन माणसाने डोक्यावर हात मारला. "गुरनुले, तुम आदमी नहीं, तुम लुसिफर है!"

भाऊंना ही शिवी नवी होती. नवी वस्तू आली की तिची माहिती काढायची, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. चेहरा असा, की मला वाटलं पगारवाढ झाली.

"बाबू, लुसिफर म्हणजे काय माहीत हाये? उजेड घेऊन येणारा! पहाटेच्या शुक्राच्या चांदणीचं जुनं नाव हाये हे. आन् काम काय? दुसऱ्यायले उजेड देणं." त्यांनी आवाज खाली आणला. "हा तर आपल्याच खात्याचा माणूस निघाला!"

इथे कोणी हसून विषय सोडला असता. सुखदेवभाऊंनी सोडला नाही. पुढे दोन वर्षं त्यांनी त्या विषयाचा असा पिच्छा पुरवला, की मोबाइलच दमला. जगात या वाटेने जाणारी माणसं आहेत, त्यांचे लेख आहेत, वाद आहेत. मोबाइलने केलेलं त्याचं मराठी भाषांतर भयंकर होतं. भाऊ एकेक वाक्य मला वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं मिळून त्याचा अर्थ लावायचो. त्यांना जे सापडलं ते सरळ होतं. माणसाच्या आत उजेड आहे, अंधारही आहे. अंधाराला हाकलून देता येत नाही, कारण तोही आपलाच. त्याची ओळख करून घ्यायची, म्हणजे तो लपून चावत नाही. आणि ज्ञान कोणी देत नसतं, ते हात पुढे करून घ्यावं लागतं.

"म्हणजे तुम्ही सैतानाची पूजा करता?" मी भीत भीत विचारलं.

"अरे बाप्पा! मी कोणाचीच पूजा करत नाई. आपला शुक्राचार्य घे. असुरांचा गुरू. त्याले कोणी शिव्या देते का? उलट त्याच्या नावानं एक वार ठेवला आपण. मंग यानं काय घोडं मारलं?" मग हाताने समजावून सांगायला लागले. "हे पाहा. खाणीत सगळाच अंधार असला तर कोळसा दिसत नाई. आन् सगळाच उजेड असता तर मले नोकरी नसती. दोन्ही पायजे."

हे तत्त्वज्ञान त्यांच्या बायकोला, शकुनवहिनींना, कसं वाटत असेल याची मला फार उत्सुकता. वहिनी रोज बालाजीला दिवा लावणाऱ्या. एकदा क्वार्टरवर चहाला गेलो असताना मी तोंड उघडलंच.

"वहिनी, भाऊंचा हा नवा देव..."

"लय चांगला हाये तो," वहिनींनी मला मधेच तोडलं. "आधी यायची भाजी खारट झाली तर चूक माही, बस चुकली तर चूक माही, पोराले मार्क कमी तर चूक माही. आता म्हणते, आपल्या कामाचा जिम्मा आपला, दुसऱ्यावर ढकलायचा नाई. जेवलं की सोताची थाळी सोता घासते. भाऊजी, असा लुशीफर सगळ्या बायायले भेटो!"

सुखदेवभाऊ मोरीत थाळी घासत होते. तिथूनच म्हणाले, "ऐकलं ना? चंद्रपूर जिल्ह्यात दीड झाले."

या पंथातलं एक कर्मकांड मात्र मला फार महागात पडलं. दुपारी पुढची शिफ्ट खाली उतरली, गर्दी ओसरली, की भाऊ लॅम्प रूमचं दार लावून घेत, खिडकी मिटत, बल्ब बंद करत आणि काळोखात बसत. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत ते दिवसभरातला स्वतःचा अंधार मोठ्याने सांगत. कोणाला? स्वतःला. प्लायवूड अर्ध्या इंचाचं, आणि माझे कान दोन्ही शाबूत.

"आज स्टोअरवाल्याले प्रमोशन भेटलं. मले जळफळाट झाला." थोडी शांतता. "आज शकुनच्या भावाचा फोन आला, मी मुद्दाम उचलला नाई." शांतता. मग एक दिवा लागल्याचा खटका, आणि एकच शब्द: "दिसलं."

बस. क्षमा नाही, रडणं नाही, उपास नाही. दिसलं, म्हणजे झालं. उद्या ते पुन्हा करताना आठवेल, एवढंच.

मला हे रेडिओसारखं झालं होतं. चहा घेऊन मी वेळेवर भिंतीशी बसायचो. एक दिवस पलीकडून आवाज आला, "आज हजेरीबाबूनं कविता वाचून दाखवली. मी वा वा म्हटलं." शांतता. "खोटं म्हटलं." आणखी शांतता. "लय खोटं म्हटलं."

खटका. "दिसलं."

मलाही दिसलं. त्यानंतर मी कविता लिहिल्या नाहीत. चंद्रपूर जिल्ह्याच्या साहित्यावर लुसिफरचे हे उपकार आहेत, आणि ते अजून कोणी मान्य केलेले नाहीत.

असं सगळं आनंदात चाललं होतं. मग दौलत पिंपळशेंडेच्या अंगठ्याचं झालं.

दौलत म्हणजे कामगारांतला तरुण पुढारी. गळ्यात चार ताईत, मनगटाला दोऱ्यांचे सात रंग, आवाज लाउडस्पीकरला लाजवणारा. त्याचा दिवा एकशे सात नंबरचा. एक दिवस खाली काम करताना तो दिवा मंदावला, दौलतचा पाय रुळाला अडखळला आणि अंगठ्याचं नख उखडलं. लंगडत वर आला आणि खिडकीपाशी ओरडला, "यायच्या त्या सैतानानं माया दिवा खाल्ला!"

शिफ्ट सुटायची वेळ. पन्नासेक माणसं भोवती. सुखदेवभाऊ खिडकीतून बाहेर आले. रॅकवर दिव्याचं तोंड चावीवर बसवून पूर्ण फिरवावं लागतं, तरच तो चार्ज होतो. दौलत घाईत नेहमी अर्धंच फिरवी. भाऊंनी सगळ्यांसमोर एकशे सात हातात घेतला, दौलत कसा लावतो त्याची हुबेहूब नक्कल केली, कंबर हलवून, मोबाइल कानाशी धरून, आणि म्हणाले, "लुसिफर कायले खाते? अर्धा वळसा तूच खाल्ला बे!"

पन्नास माणसं खदाखदा हसली. दौलतचं तोंड काळं-निळं झालं.

त्या दिवशी काळोखातला आवाज जरा उशिरा आला. "आज दौलतचा चारचौघात पाणउतारा केला. खरं होतं थे." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "मजा आली. मजा आली, हे जास्त काळं हाये."

आठ दिवसांनी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर अर्ज पडला. खाली चाळीस सह्या. लॅम्प रूमचा माणूस सैतानाला मानतो, त्याच्या हातचा दिवा घेऊन आम्ही जमिनीखाली उतरणार नाही, त्याला तिथून हलवा.

मॅनेजरसाहेब नवे होते आणि त्यांना कोळशाशी मतलब होता. त्यांनी भाऊंना बोलावलं. लिहून घ्यायला मीही हजर होतो.

"गुरनुले, सोपं आहे. एका कागदावर लिहून द्या, मी असलं काही मानत नाही, ती सगळी गंमत होती. अर्ज मी फाडतो. नाहीतर सोमवारपासून तुम्ही कोळशाच्या यार्डात."

रिटायरमेंटला दोन वर्षं. यार्ड म्हणजे धूळ, ऊन आणि डंपर. लॅम्प रूम म्हणजे बावीस वर्षांचा संसार. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "भाऊ, दोन ओळी खरडा आणि मोकळे व्हा. कागद कोण वाचतं?"

"मी वाचतो ना बाबू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: 'मी दिवे देतो आणि मोजून परत घेतो. मी जे मानतो ते गंमत म्हणून मानत नाही. कोणाला भीती वाटत असेल तर त्याने मला विचारावं.' साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्यात अर्जाचं काय झालं ते विचारायला आलेल्या दौलतने तोड काढली: लॅम्प रूमची शांती करू, मग पाहू. साहेबांना शांती स्वस्त वाटली. सोमवारी फर्स्ट शिफ्टच्या आधी मुहूर्त ठरला. शांतीनंतरही माणसं समाधानी झाली नाहीत तर बदलीचा कागद तयार होता. तो मीच टाइप केला होता, आणि त्यात तीन चुका मुद्दाम करून ठेवल्या होत्या.

सोमवारी सकाळी लॅम्प रूममध्ये पाट मांडला, नारळ आले, उदबत्त्या पेटल्या. पूजेला दौलत स्वतः बसला. भाऊ स्वच्छ कपडे घालून दारात उभे. "करा जी, मनासारखी करा. मले काही अडचण नाई. फक्त रॅकवर पाणी नका टाकू."

"पाणीच तर मुख्य हाये," दौलत म्हणाला. त्याच्या मामाने काशीहून आणलेलं गंगाजल तांब्यात होतं. मंत्र संपत आले, दौलत उठला, आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने आंब्याच्या पानांनी सगळ्या रॅकवर पाणी शिंपडलं. पानांनी समाधान होईना, तेव्हा तांब्याच उलटा केला.

फट्ट!

ठिणगी उडाली, धूर निघाला, सगळ्या रॅकवरचे बारके हिरवे दिवे एकदम विझले.

"निघाला! सैतान निघाला!" दौलत दाराकडे पळाला. निम्मी मंडळी त्याच्या आधी बाहेर.

"सैतान नाई, फ्यूज," सुखदेवभाऊ म्हणाले आणि त्यांनी मेन स्विच पाडला.

गंमत इथे संपली. खाणीत पेट घेणारा वायू असतो. ओला झालेला दिवा तपासल्याशिवाय खाली न्यायचा नाही, हा कायदा. आणि आता सगळेच ओले. शिफ्ट खोळंबली. मॅनेजरसाहेब धापा टाकत आले. "कोणी केलं हे? नाव सांगा. आज त्याला घरी पाठवतो."

सगळे छताकडे बघायला लागले. दौलतच्या हातात रिकामा तांब्या होता, तो त्याने पाठीमागे धरला. मी मनात म्हणालो, भाऊ, बोला! एक नाव, आणि अर्ज, बदली, पुढारी, सगळं एका फटक्यात खलास.

सुखदेवभाऊंनी चष्मा पुसला. "साहेब, खोली माह्या ताब्यात हाये. पाणी आत येऊ दिलं थे मी. आन् मागल्या पंधरवड्यात या पोराची नक्कल करून याले सगळ्यायसमोर पाडलं, थे बी मीच. थे केलं नसतं तर आज ही पूजा नसती. मनापासून केलं होतं साहेब, मजा घेऊन. माह्याच नावावर लिहा."

कोणी हसलं नाही. उदबत्त्या जळत होत्या. मुलचेऱ्याकडचे म्हातारे मडावी तेवढे पुटपुटले, "आता बोल ना बे दौलत. एरवी तं लय बोलतं."

दौलतने तांब्या पुढे आणला. "साहेब... पाणी मी टाकलं. हे नाई म्हणत होते."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "दोघांनाही मेमो," ते म्हणाले. "आणि दोन तासांत शिफ्ट खाली पाहिजे."

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. सगळी शिफ्ट अंगणात बसली. एकेक दिवा पुसायचा, वाळवायचा, तपासायचा. फडकी कमी पडली तेव्हा लोकांनी गळ्यातले दुपट्टे काढले. मला पिटाळलं थॉमससाहेबांच्या क्वार्टरवर, त्यांच्या मिसेसचं केस वाळवायचं मशीन आणायला. ते गुलाबी होतं आणि त्यावर फुलपाखरू होतं. तर असं दृश्य: काशीच्या गंगाजलाने भिजलेले लुसिफरवाल्याचे दिवे, केरळच्या ख्रिस्ती बाईंच्या मशीनने वाळताहेत, मशीन धरलंय दौलत पिंपळशेंडेने, आणि सुखदेवभाऊ शेजारी उकिडवे बसून शिकवताहेत, "जवळून नको, जवळून नको. पोराले फुंकर घालतो तशी."

दहा वाजता खिडकी उघडली. रांग लागली. दौलत सगळ्यात शेवटी आला. बिल्ला पुढे केला आणि हात तसाच पसरून ठेवला. भाऊंनी एकशे सात त्याच्या हातात दिला.

"अर्जाचं काय करायचं?" मी माझ्या खिडकीतून विचारलं. मला कागदपत्रं पुरी लागतात.

"वापस घेतो म्हटलं ना!" दौलत माझ्यावरच खेकसला. म्हटलं कुठे होतं? पण मी लिहून घेतलं.

सुखदेवभाऊ लॅम्प रूममधूनच रिटायर झाले आणि मूलला गेले. त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, गेल्या हिवाळ्यात, दौलतच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. भद्रावतीत त्याने दोन खोल्यांचं घर बांधलं आणि भाऊंना आणायला स्वतः मूलला गेला. पहिल्या रांगेत बसवलं. शिऱ्याचा प्रसाद भाऊंनी तीनदा घेतला आणि चौथ्यांदा द्रोण पुढे करत मला म्हणाले, "प्रसादाशी आपलं काही भांडण नाई."

गुरुजी सगळ्यांना गंध लावत आले. भाऊ उठून उभे राहिले, गुरुजी त्यांच्यासमोर थांबले. "आपण कोण?"

मी द्रोण खाली ठेवला. अंगणात दौलतचे सासरे होते, मामा होते, गल्लीतले निम्मे लोक होते.

"हे आमचे लुसिफरभाऊ," दौलत आपल्या त्या लाउडस्पीकरी आवाजात म्हणाला. "लॅम्प रूमचे. यायच्या हातचा दिवा घेऊन मी बारा वर्षं खाली उतरलो."

गुरुजींनी मान हलवली आणि गंधाचं बोट वर केलं. आता एक गोष्ट सांगायची राहिलीच. सुखदेवभाऊ सहा फूट उंच, आणि कोणापुढे मान वाकवायची नाही हा त्यांच्या पंथाचा कडक नियम. गुरुजी पाच फुटांचे, तेही पागोट्यासकट. गुरुजी म्हणाले, "जरा वाका." भाऊ म्हणाले, "लावा जी, मनापासून लावा. पण वाकता नाई येत." गुरुजींनी टाचा उंचावून पाहिल्या, बोट नाकापर्यंत पोचलं. लोक बघायला लागले.

दौलतने पूजेतला पाट उचलला, भाऊंसमोर ठेवला, गुरुजींचा हात धरला आणि त्यांना वर चढवलं.

मी निघालो तेव्हा दारातून शेवटचं जे दिसलं ते एवढंच: पाटावर तोल सांभाळत उभे असलेले गुरुजी, त्यांना कंबरेशी धरून दौलत, आणि ताठ मानेने, डोळे मिटून, मनापासून गंध लावून घेणारे सुखदेवभाऊ.